गाणाऱ्या बाईचं चित्र

सिप्रियन मास्तरांनी खुर्ची उचलून केळीच्या जरा अलीकडे ठेवली, मागं सरून बघितलं, पुन्हा उचलली आणि बावखलाच्या, वाडीतल्या त्या लहान तळ्याच्या, अगदी काठाशी आणून टेकवली. मग बायकोला हातानं सांगितलं, बस. उर्सुला बसली. अंगावर सणाचं लाल लुगडं, गळ्यात सोन्याचा सर, आणि सकाळचे सगळे उद्योग चुलीपाशी तसेच पडलेले. नाताळ नुकताच उलटला होता. ऊन केळीच्या पानांतून गाळून हिरवट होऊन खाली येत होतं, बावखलातल्या पाण्यावर पडत होतं आणि तिथून उलटं वर येऊन तिच्या हनुवटीखाली हलत होतं. त्या उजेडात डोळे आपोआप मिटायला लागत. झोपेत चालल्यासारखं वाटे.

मास्तर म्हणजे चर्चच्या गायनमंडळाचे मास्तर. वसईच्या त्या गावात व्हायोलिन म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. पुढे कान हळूहळू गेले. आधी बारीक आवाजाच्या मुली ऐकू येईनाशा झाल्या, मग पुरुष, आणि एका रविवारी चर्चमध्ये मिस्सात गाणं संपलं तरी मास्तर एकटेच वाजवत राहिले. लोक माना खाली घालून बसले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही. दर नाताळला येशूजन्माच्या गोठ्यामागचा देखावा तेच रंगवायचे, डोंगर, तारा, मेंढरं. आता मेंढरांवरून ते माणसांवर आले आणि पुठ्ठ्यावरून कॅनव्हासवर. रंगात घालायच्या अळशीच्या तेलाचा वास घरात असा मुरला की कालवणालासुद्धा तोच यायचा. उर्सुलानं कधी तक्रार केली नाही. माणूस कशात तरी रमला, तिचा जीव भांड्यात पडला होता.

पण हे चित्र वेगळं होतं. फादरनी चर्चच्या हॉलसाठी एक चित्र मागितलं आणि मास्तरांनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, उन्हात बसून गाणारी बाई काढतो. कोण बाई, हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. गायनमंडळात नव्या मुली आल्या की मास्तर त्यांना सांगायचे, उर्सुलाचं तोंड बघा, शब्द कसा गोल बाहेर पडतो तिच्या तोंडातून. तोंड बघता बघताच त्यांनी तिला मागणी घातली होती.

आणि खरी गोम इथंच होती. उर्सुला आयुष्यात कधी गायनमंडळात गायली नव्हती.

सतरा वर्षांची असताना, तेव्हा सगळं लॅटिनमध्ये चालायचं, एका सरावाला मास्तर व्हायोलिन खाली ठेवून तिच्यापाशी आले होते आणि हळूच, अगदी मायेनं म्हणाले होते की सूर लागत नाहीत तुझे, तू नुसतं तोंड हलव, बाकीच्या सांभाळून घेतील. मास्तरांना पुढे पन्नास पोरं सांभाळायची होती, ते दुसऱ्या मिनिटाला विसरले. उर्सुला विसरली नाही. तिनं तोंड हलवलं, आणि करायचंच तर नीट करावं म्हणून असं हलवलं की गावात तोड राहिली नाही. लॅटिन गेलं, मराठी आलं, केस पिकले, ती हलवतच राहिली. पोरं निजवताना गायली तीसुद्धा मास्तर घरात नसताना. त्याचा फायदा एवढाच झाला, की मास्तरांचे कान गेल्यावर त्यांना ओठांवरून कळायचं ते फक्त तिचं. डॉक्टरचं नाही, पोटच्या मुलाचं नाही. दोघं दिवसभर बोलत असायची आणि घरात आवाज असायचा तो एकट्या मास्तरांचा.

आता मात्र तिला भीती वाटत होती. मिस्सात तोंड हलवणं वेगळं. ते तिथल्या तिथं विरून जातं. हे तेलरंगात पक्कं होऊन हॉलच्या भिंतीवर लागणार होतं, आणि ज्यानं रंगवलं त्याला आयुष्यभर वाटत राहणार होतं की ही आपली गाणारी उर्सुला. सांगावं, तर त्याच्याकडे गाण्यातलं उरलेलं तेवढंच होतं. न सांगावं, तर रोज सकाळी उन्हात बसून नवऱ्याला फसवायचं. तिला रात्री झोप लागेना.

त्या सकाळी चित्र जवळजवळ झालं होतं. लुगडं झालं होतं, पाणी झालं होतं, केळीचं फाटकं पानसुद्धा झालं होतं. तोंडही झालं होतं, गोल, नेटकं. मास्तर गळ्यावर अडले होते.

"गा," ते म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा आवाज एकाच पट्टीत यायचा.

उर्सुलानं मरियामातेचं एक गीत मनात धरलं आणि तोंड उघडलं. मास्तर बघत राहिले. ब्रश हवेत तसाच. मग ते जवळ आले, वाकले आणि तिच्या गळ्यावर हलणारा उजेड निरखू लागले.

"गळा हलत नाही तुझा."

गातेय ना, ती ओठांनी म्हणाली.

"नाही. ऊन हलतंय. तू नाही."

उर्सुलानं पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, सरावाच्या त्या संध्याकाळपासूनचं सगळं. रडली नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, पाण्याकडे बघत, आणि तिला त्यांची इतकी कीव आली की वाटलं, खोटंच होतं म्हणून सांगावं.

"एकदाही नाही?" त्यांनी विचारलं.

तिनं नाही अशी मान हलवली.

मास्तर सरळ झाले. टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि चित्रातलं ते गोल, नेटकं तोंड पुसून काढलं. हनुवटीपर्यंत लाल डाग ओघळला.

"आता गा."

गाव बहिरं नाही, ती म्हणाली.

"असू दे."

तिनं डोळे मिटले. आधी नुसता वारा आला, मग खाकरल्यासारखं काही, आणि मग आवाज आला. जाड, फाटका, वर जाताना घसरणारा आणि खाली येताना भलतीकडेच उतरणारा. बावखलावरचे बगळे उडाले. तिला आपलाच आवाज ओळखीचा वाटेना. तरी बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आंघोळीला घंगाळभर ऊन पाणी मिळाल्यासारखं. मास्तर भराभर रंग लावत होते. जबडा वाकडा आला, मानेची शीर वर आली, एक डोळा बारीक झाला, त्यांनी ते सगळं तसंच घेतलं.

कुंपणापलीकडची रोझमेरी हातातला विळा तसाच घेऊन धावत आली. तिला वाटलं, मास्तरांचं काही बरंवाईट झालं. आत येऊन बघते तर उर्सुलाबाय उन्हात बसून गातेय. रोझमेरी सध्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहायची, तिचे कान तयार होते. ती जागीच थबकली.

मास्तरांनी तिला बघितलं आणि सरळ विचारलं, "सुरात आहे का?"

रोझमेरीनं उर्सुलाकडे बघितलं. उर्सुलाचे डोळे उघडले होते, पण गाणं चालूच होतं. मास्तरांशी खोटं बोलायची गायनमंडळात कुणाची छाती नव्हती. रोझमेरीनं हळूच नकारार्थी मान हलवली.

"बरं," मास्तर म्हणाले.

त्यांनी ब्रश दातांत धरला आणि डावा हात, तळवा वर करून, सावकाश उचलला. मिस्सात ही खूण झाली की सगळ्या बायका आवाज चढवायच्या, आणि उर्सुला तोंड थोडं जास्त उघडायची. इतक्या वर्षांत तो हात तिच्या डोक्यावरून मागच्या रांगेकडे जायचा. तिनं सवयीनं मागं वळून बघितलं. मागं पाणी होतं आणि केळी होत्या.

उर्सुलानं आवाज चढवला.