माफीचं खातं चिमणीकडे

मला आमच्या गल्लीत सगळे तोफ म्हणतात. नवराही म्हणतो, पण हळू आवाजात. माझ्या भागीदारणीला मी चिमणी म्हणायचे, कारण ती आत आली की दार भरून जायचं. आम्हा दोघींची लॉन्ड्री होती. पुढे काउंटर, मागे दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दिवसभर तोंडाचा पट्टा. गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं, तिच्याशी गप्पा मारायचं आणि कपडे तिथेच विसरून जायचं.

पंधरा वर्षांपूर्वी दुकान बंद करायच्या वेळी एक माणूस सुरा घेऊन आत शिरला. चिमणी एकटीच होती. तिने स्वतः गल्ला उघडून त्याच्यापुढे सरकवला. मेल्याने पैसे घेतले आणि तरीही सुरा चालवला. कोर्टात सगळं सिद्ध झालं, त्याला जन्मठेप झाली. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी मार्गी लागलं.

कसलं काय! गेल्या महिन्यात चिमणीच्या आईला, म्हणजे मावशींना, बोलावणं आलं. तुरुंगात त्याची वागणूक चांगली आहे म्हणे, त्याने लवकर सुटकेचा अर्ज केलाय, तुमचं काही म्हणणं असेल तर समितीपुढे येऊन सांगा. मावशींना जरा कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "ते काय विचारतील ते मला कळायचं नाही. माझ्या वतीने तूच बोल. तुझा आवाज मलासुद्धा ऐकू येतो."

मग घरात तालीम सुरू झाली. नवरा बस चालवतो, दिवसभर लोकांची बोलणी खाऊन शांत राहायची त्याला सवय. खांद्यावर टॉवेल टाकून तो समितीचा अध्यक्ष झाला.

"बाई, आपलं म्हणणं मांडा."

मी मांडलं.

"आवाज खाली."

खाली आणला.

"आता त्यातलं 'मेल्या' तेवढं काढा."

"मग उरतं काय?" मी म्हटलं.

हसून हसून पुरेवाट झाली. पण त्याची भीती मला दिसत होती. मी तिथे भडकणार, समिती म्हणणार ही बाई नुसती सुडाने पेटलीय, आणि तो सुटणार. खरं सांगते, मलाही तीच भीती होती. माझ्या तोंडापायी तो सुटला असता तर मावशींच्या समोर मी कुठल्या तोंडाने गेले असते?

ठरल्या दिवशी गेलो. लांबलचक टेबल, पलीकडे तिघेजण, वर कुरकुरणारा पंखा. मधल्या साहेबांच्या कॉलरवर शाईचा ताजा डाग होता. तो बघून माझे हात शिवशिवायला लागले. इतक्यात त्याला आत आणलं. मावशी माझ्या कानाशी कुजबुजल्या. त्यांची कुजबुज म्हणजे भोंगा.

"अगं, हाच का तो? किती वाळलाय!"

सगळ्या खोलीने ऐकलं. मला रागही आला आणि हसूही आलं. चिमणी कोणावर गेली होती ते तिथेच कळलं असतं कुणालाही.

तो उभा राहिला. "माझ्या हातून फार वाईट झालं. रोज पश्चात्ताप होतो. मला माफ करा," एवढंच बोलला. मी जीभ दातांखाली धरली.

मग माझी पाळी. अगदी गरीब आवाजात चिमणीबद्दल सांगितलं. कुणी म्हणायचं, तुम्ही माझ्या पडद्यावर डाग पाडलात. तो पडदा आमच्याकडे आलेलाच नसायचा, तरी ही बाई सॉरी म्हणून फुकट धुऊन द्यायची. तिघेही हसले. मी खूश. तेवढ्यात मधले साहेब पुढे झुकले.

"इतक्या मोठ्या मनाच्या होत्या त्या. मग त्यांनी याला माफ केलं नसतं का?"

या प्रश्नाची तालीम नवऱ्याने घेतलीच नव्हती! मी मावशींकडे बघितलं. खोटं बोलायचं तर त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

"केलं असतं," मी म्हटलं. "ती वाचली असती ना साहेब, तर तुरुंगात याला जेवणाचा डबा पाठवला असता तिने. आमच्या दुकानात कामं वाटून घेतलेली होती. माफ करायचं तिने आणि भांडायचं मी." मग मात्र मी त्याच्याकडे वळले. "अरे, तुला माफ करणारं एक माणूस या जगात होतं. ते त्या काउंटरमागे उभं होतं. गल्ला उघडून दिला तेव्हाच तिने तुला माफ केलं होतं. तू तिलाच मारलंस. आता माझ्याकडे काय मागतोस? माझ्याकडे ते खातं नाही. साहेब, याला सोडू नका."

आवाज चढलाच होता. मागे नवरा डोळे मिटून बसला होता. तो माणूस खाली बघत होता.

आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. दुपार कलली तेव्हा कारकून येऊन सांगून गेला, अर्ज नामंजूर. नवऱ्याने हुश्श केलं आणि तो चहा आणायला पळाला.

"काय म्हणाला तो कारकून?" मावशींनी विचारलं.

"नाही सोडणार त्याला."

मावशींनी मान हलवली. माझा हात धरून म्हणाल्या, "खरंच माफ केलं असतं गं तिने?"

"केलं असतं, मावशी. आणि त्यावरून मी तिच्याशी असं कडाक्याचं भांडले असते! महिनाभर बोलले नसते."

"महिनाभर? तुम्ही दोघी?" मावशी खळखळून हसल्या. "एक दुपार तरी न बोलता राहणं जमलं का गं तुम्हाला कधी?"

मीही हसायला लागले, आणि हसता हसताच मला रडू फुटलं.

"जमलं की हो, मावशी," मी म्हटलं. "पंधरा वर्षं झाली."