घासलेलं नाणं

इंद्रनील फेब्रुवारीत गेला. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात शिफ्टवर असतानाच कोसळला. मराठी मंडळींनी आठवडाभर डबे पोचवले, 'काही लागलं तर सांग' म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. असं म्हणणाऱ्याची एकच इच्छा असते, की समोरच्याला काही लागू नये. त्याच्या बायकोला, वृंदाला, लागतही नव्हतं. उठायची, ऑफिसला जायची, परत येऊन कोट न काढता सोफ्यावर बसायची. रडली एकदाही नव्हती.

त्याच्यामागे नऊ रोमन नाणी उरली. सम्राटांच्या काळातली, ब्राँझची, हिरवीकाळी, नखाएवढी. एकावर दोन शिपाई, भोवती 'सैन्याचा जयजयकार' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं, पायाशी टांकसाळीची दोन-तीन अक्षरांची बारीक खूण. ही खूण कुठल्याच पुस्तकात नाही, हे शोधण्यात इंद्रनीलची दोन वर्षं गेली होती. फोटोत ती धड उठत नव्हती, म्हणून नाणीवाल्यांच्या क्लबातला डेक्लन शनिवारी भिंग घेऊन येणार होता. पटलं, तर नोंद इंद्रनीलच्या नावानं छापली जाणार होती.

शनिवारी सकाळी वृंदा खाली आली, तर सिंकपाशी सासूबाई. साताऱ्याहून आलेल्या पद्मिनीबाई चिंच-मिठानं नाणी घासत होत्या. पूजेचं तांब्या-ताम्हन घासावं तशी.

"अगं, परका माणूस यायचा घरी. अशी कळकट दाखवायची होय? माझ्या पोराला कधी भांडं घासायची अक्कल नव्हती."

आठ नाणी टॉवेलवर लखलखत होती. नववं, शिपायांचं, अजून कोरडं होतं. हिरवा थर गेला की अक्षरं गेली, कारण अक्षरं त्या थरातच उरलीत, हे वृंदानं इंद्रनीलकडून शंभरदा ऐकलं होतं. तिनं तोंड उघडलं. आतून काही वर येईना. पद्मिनीबाईंनी नाणं उचललं, अंगठ्यानं चिंच चोळली. वृंदा दारात उभी राहून बघत राहिली.

अकराला डेक्लन आला. भिंग लावलं, नाणं उजेडाकडे वळवलं, पुन्हा वळवलं. "आय ॲम सो सॉरी, वृंदा," म्हणाला. चहा अर्धा टाकून गेला.

"काय म्हणाला तुझा तो डेक्लन?"

"अक्षरं गेली, आई. आता इंद्रनीलचं नाव लागणार नाही."

"कशानं गेली?"

"चिंचेनं."

पद्मिनीबाईंनी आपली बोटं पाहिली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी घासत होते तेव्हा कुठं होतीस?"

"दारातच."

"मग बोलली का नाहीस गं बाई?"

वृंदा आठवत राहिली. राग होता का त्या वेळी, सूड होता का, आळस तरी? काहीच सापडेना. "माहीत नाही, आई."

पद्मिनीबाई उठल्या, वर गेल्या, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं त्यांचा हुंदका जिन्यावरून खाली आला. वृंदा टेबलाशी बसून ऐकत राहिली, आणि किती वाजले ते बघितलं.