कोरा बॅज

बाबांच्या आत्मचरित्राची प्रुफं मी तपासत होते. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि प्रकाशकांना सोमवारी पानं हवी होती. तीनशे बारा पानं. प्रयोगशाळा, त्यांचं संशोधन, विज्ञानाची नीती आणि शेवटी माणसाच्या भविष्यावर एक लांबलचक प्रकरण. त्यात एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या आपल्याला आपल्या शोधांवरून नाही, आपण कबूल केलेल्या चुकांवरून ओळखतील. ते वाचून मला रडू आलं होतं.

एका तारखेची खात्री करायला मी मूळ हस्तलिखित काढलं. बाबांची एक शिस्त सगळ्या विभागाला पाठ होती. वहीतला चुकलेला आकडा गिरवून टाकायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा तशाच असायच्या आणि त्यापायी मी बाईंची बोलणी खायचे. सहाव्या प्रकरणात मात्र दीड पान इतकं गिरबटलेलं होतं की कागद फाटला होता. मागे आलेखाचा एक जुना कागद टाचलेला होता. अकरा महिने, अकरा ओळी, दोन रकाने.

बाबांच्या कपाटातल्या जुन्या नोंदी आणि एक चौकशी अहवाल शेजारी ठेवून ते समजायला मला अख्खी दुपार लागली.

बाबांच्या विभागात किरणोत्सर्गाजवळ काम करणारा प्रत्येक जण छातीवर बॅज लावायचा. महिनाअखेरीला त्यावर किती किरण पडले ते मोजायचे. पण थोडे किरण सगळीकडेच असतात, ते वजा करावे लागतात. त्यासाठी एक बॅज कोणीच लावायचा नाही, लांब कुठेतरी टांगून ठेवायचा. त्याला कोरा बॅज म्हणत. त्याचा आकडा सगळ्यांच्या आकड्यांतून वजा व्हायचा आणि उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य लिहायची पद्धत होती.

बाबांनी कोऱ्या बॅजसाठी सामानाची खोली ठरवली होती. पुढे भिंतीपलीकडच्या खोलीत किरणोत्सर्गी माल आणून ठेवला गेला. बॅज हलवायला हवा होता, तो हलवला नाही. अकरा महिने त्याच्यावर भिंतीतून किरण पडत राहिले आणि तेवढेच सगळ्यांच्या नावावरून वजा होत राहिले. नोंदवहीत ओळीने शून्यं. शून्य म्हणजे सुरक्षित, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

आलेखाच्या कागदावर बाबांनी खरे आकडे काढले होते. बाकीच्यांचे ठीक होते. फिटरकाकांचा आकडा मर्यादेच्या चौदा पट होता.

फिटरकाका मला खांद्यावर बसवून विभागाच्या आवारात फिरवायचे. चाळिशीच्या आतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. किरणांनी असं होतं, म्हणून चौकशी झाली. वहीत शून्य आणि डोळे तर बिघडलेले, तेव्हा समितीने निष्कर्ष काढला की हा माणूस बॅज कपाटात ठेवून काम करत होता. निष्काळजीपणाबद्दल त्यांना काढलं. पुढे शस्त्रक्रिया करूनही नजर गेलीच. अहवालावर तीन सह्या आहेत, त्यातली एक बाबांची. आलेखाच्या कागदावरची तारीख त्याच्या नऊ दिवस आधीची आहे.

मी ती तारीख पुन्हा पुन्हा पाहिली. नऊचं काहीतरी दुसरं होईल असं वाटत होतं.

प्रकाशकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ते गेलेत. त्यांची बाजू कोण मांडणार? आणि शेवटचं प्रकरण इतकं सुंदर झालंय. हे सहाव्यात घातलं तर पुढचं कोण वाचेल?"

"नाही वाचलं तर नाही," मी म्हटलं आणि फोन कानापासून बाजूला केला. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले.

विभागातल्या जुन्या कारकुनांकडे फिटरकाकांचा पत्ता मिळाला. "आहे अजून," ते म्हणाले, "पण जायचं तर आजच जा."

रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारची खाट. काकांच्या अंगात रक्त बनायचं थांबलं होतं. पिशवीतलं रक्त थेंब थेंब चढत होतं. काकू स्टुलावर बसून मोसंबं सोलत होत्या. मी कोण ते हळू आवाजात सांगितलं.

"हळू कशाला बोलतेस?" काका म्हणाले. "डोळे गेलेत, कान नाहीत."

"माझं एक कधी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. "आता म्हणे कान आहेत. बॅज लावा म्हणून घसा कोरडा केला मी. बॅज कपाटात आणि हे आत. बस, बाळ."

"मी लावायचो गं."

"हो, हो. सत्तावीस वर्षं हेच."

"लावायचो असं वाटतं," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "आता माझाच मला भरवसा नाही. इतक्यांनी सांगितलं, तर विसरत असेन कधीतरी."

मग मी सांगितलं. खोली, भिंत, अकरा महिने, शून्य. आजार त्यातूनच झाला की नाही हे मला माहीत नाही, हेही सांगितलं. काकांनी मध्येच विचारलं, "साहेबांना कधी कळलं?"

"समितीच्या आधी."

"किती आधी?"

"नऊ दिवस."

त्यांनी मान हलवली. साहेबांनी एकदा तो कोरा बॅज दुसरीकडे टांगायला सांगितला होता, काका म्हणाले. कारण विचारलं तर साहेब भिंतीला ओल आहे म्हणाले होते. "मीच हलवला. माझ्या हाताने." मग त्यांनी विचारलं, "माझा आकडा किती?"

मी सांगितला.

"म्हणजे मी लावत होतो."

"हो. न लावता एवढा आकडा आलाच नसता."

"ऐकलंस का?" ते काकूंना म्हणाले. काकूंच्या हातात अर्धं सोललेलं मोसंबं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि बाहेर गेल्या.

काकांनी विचारलं, "साहेबांच्या पुस्तकात मी आहे का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"खांद्यावर बसायचीस ते तरी?"

"नाही, काका."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

काकू जिन्याजवळ कठडा धरून उभ्या होत्या. मी माफी मागायला गेले होते, पण कोणाच्या वतीने मागायची ते ठरेना.

"पोरांसमोर खोटारडे म्हटलंय मी त्यांना," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर. जेवायला वाढताना. डॉक्टर म्हणतात आठवडा. आठवड्यात मी काय काय परत घेऊ, सांग. तुझे बाबा शिकलेले होते ना, मग तू सांग."

आतून काकांनी त्यांना हाक मारली, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या गेल्या.

मी बाकावर बसून प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहाव्या प्रकरणातलं ते दीड पान लिहायला घेतलं. अख्खं पुस्तक "मी" म्हणून लिहिलेलं आहे. बाबांचा "मी" लिहायचा प्रयत्न केला, तीनदा, आणि तिन्ही वेळा पुढे त्यांना वाचवणारं काहीतरी सुचत गेलं. चौथ्यांदा "माझे वडील" असं लिहिलं. त्यापुढचं वाक्य एका दमात आलं: माझ्या वडिलांना माहीत होतं.