दहा पावलांवरून

टाचणीने जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा तिला इंजिनातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि त्याची तिला तिळभरही फिकीर नव्हती. जुनी गाडी बघायला जाताना लोक टॉर्च नेतात, पत्र्याला लावून बघायला लोहचुंबक नेतात, शेजारचा एखादा शहाणा नेतात. टाचणी वडिलांना नेणार होती. अडतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडण्या-मिटण्यात घालवून मिस्त्री आता घरी बसले होते, पण गॅरेजच्या गल्लीत अजूनही त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘कान’च म्हणत.

त्यांची गाडी तपासायची रीत जगावेगळी होती. बॉनेट उघडायचं नाही, खाली वाकायचं नाही, टायरला लाथ तर मुळीच मारायची नाही. गाडीपासून मोजून दहा पावलं लांब जायचं, गाडीकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगायचं. “डोळे रंगाला भुलतात,” ते म्हणत. “कानाला रंग दिसत नाही.” मिनिटभराने एकच शब्द यायचा. ‘घ्या’ नाहीतर ‘नको’. त्यावर ब्र काढायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

टाचणीचं खरं नाव दुसरंच. अंगकाठी बारीक आणि बोलणं टोचरं, म्हणून वडिलांनी लहानपणी ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. सोफ्यांची आणि खुर्च्यांची कापडं, फोम, पट्टे बदलून द्यायचा तिचा धंदा होता. माल न्यायला-आणायला भाड्याचा टेम्पो, आणि तो टेम्पोवाला कधी वेळेवर आला असेल तर शपथ. आता एका सभागृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम तिच्या दारात आलं होतं. इतकं मोठं काम तिने जन्मात केलं नव्हतं. व्यवस्थापकाची अट एकच होती. स्वतःची गाडी असेल तर काम, नसेल तर रामराम. सोमवारी सकाळी गाडी दाखवायची होती आणि आज शनिवार होता.

गाडी होती एका काचवाल्याची. हा खिडक्यांच्या काचा कापून विकायचा. त्याने फोनवर फार बोलणं केलं नव्हतं. “ताई, वडिलांना घेऊन या. ते ऐकतील, मग आपण बोलू,” एवढंच म्हणाला होता.

त्याच्या आवारात दोन्ही बाजूंना लाकडी घोड्यांवर मोठमोठ्या काचा टेकवून ठेवलेल्या होत्या आणि मधोमध पांढरी पिकअप उभी होती. टाचणीने हौदा बघितला आणि ती तिथेच विरघळली. काचांना चरे पडू नयेत म्हणून काचवाल्याने हौद्याला आतून जाड रबर आणि त्यावर जुना गालिचा ठोकला होता. सोफ्याच्या पायांसाठी याहून चांगलं अंथरूण तिने स्वतःही केलं नसतं. मग ती पुढे चढून बसली. सीट फाटली होती, पण सीट फाटली म्हणून टाचणीला कोण घाबरवणार? स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिने खिडकीतून खाली बघितलं आणि हसली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी तिची गत झाली होती. मिस्त्री तिच्याकडे बघत खाली उभे होते. तेही हसले.

“चला, ऐकू या,” ते म्हणाले, आणि पावलं मोजत निघाले.

दहाव्या पावलाला ते थांबले आणि त्यांनी गाडीकडे पाठ केली. योगायोगाने त्यांच्या पुढ्यातच एक मोठी काच उभी होती. त्यामुळे एरवी कुणालाच न दिसणारा त्यांचा ऐकतानाचा चेहरा टाचणीला त्या काचेत स्वच्छ दिसत होता. मिटलेले डोळे, किंचित वर केलेली हनुवटी. त्यांनी हात वर करून खूण केली. टाचणीने किल्ली फिरवली.

गाडी दोनदा खोकली, मागून पांढऱ्या धुराचा लोट आला, आणि इंजिन सुरू झालं. पाठोपाठ खालून आवाज सुरू झाला. ठक्, ठक्, ठक्. टाचणीला इंजिनातलं कळत नसेल, पण हातोडी कळत होती. जन्म त्यात चालला होता तिचा. तिच्या पायाखाली कुणीतरी लोखंडावर जोरजोरात हातोडी मारत होतं. तिने भीत भीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तशी हातोडी आणखी घाईला आली. सीट हादरत होती.

गेली, तिच्या मनात आलं. तीनशे खुर्च्या गेल्या. तिने काचवाल्याकडे बघितलं. तो मान खाली घालून हातमोज्यांचे दोरे उपटत उभा होता, चोरी पकडली जायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. आता बाबा वळणार आणि म्हणणार, नको. संपलं.

काचेतला चेहरा मात्र प्रसन्न होता. मिस्त्री हळूहळू मान डोलवत होते. उजव्या हाताचं बोट मांडीवर ताल धरत होतं, संथ आणि एकसारखा. हातोडीचा आणि त्या तालाचा काडीचा संबंध नव्हता.

“वा!” ते म्हणाले. “काय एकसारखं चालतंय. घे, टाचणे. डोळे झाकून घे.”

टाचणीला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करताहेत. पण मिस्त्री सगळ्या जगाची थट्टा करतील, इंजिनाची नाही. मग तिला वाटलं, डिझेलची गाडी अशीच वाजत असेल, आपणच अडाणी. म्हणून तिने पुन्हा काचवाल्याकडे बघितलं. त्याचा माल एका शब्दात खपला होता. त्याने आनंदाने उडी मारायला हवी होती. तो तोंड उघडं टाकून मिस्त्रींच्या पाठीकडे बघत होता.

तो खिडकीपाशी आला. “ताई,” त्याचा आवाज घोगरा झाला होता, “पंधरा दिवस झाले ठोकतंय हे. खालचं बेअरिंग गेलंय. मिस्त्रींना ऐकू येईलच, मग त्या हिशेबाने बोलू, म्हणून मी आधी काही सांगितलं नाही. आईशप्पथ, मला फसवायचं नव्हतं. पण ते असं कसं म्हणाले हो?”

टाचणीच्या हाताने आपोआप किल्ली उलटी फिरवली. इंजिन एकदा हिसडा देऊन बंद पडलं. आवारात एकदम शांतता झाली. कुठल्या तरी नळाचं थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं, ते ऐकू यायला लागलं.

काचेत मिस्त्री अजून मान डोलवत होते. बोट अजून ताल धरत होतं.

“आणि ही जरा गरम झाली ना,” ते पाठमोरेच म्हणाले, “की आणखी मऊ चालेल बघ.”

टाचणीच्या मुठीत किल्ली होती, गाडी बंद होती, आणि तिचे वडील बंद गाडी ऐकत होते. ती घाबरली, लहान मूल घाबरतं तशी, उघडउघड.

“तुम्ही बंद केलीत ना?” काचवाल्याने विचारलं. त्याला स्वतःच्याच कानांचा भरवसा वाटेनासा झाला होता.

आणि मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. खुर्चीला खिळे मारताना ती ओठांत चार खिळे धरून बोलायची. पूर्वी वडील तसलं अर्धंमुर्धं बोलणंही पकडायचे, हल्ली म्हणायचे, “खिळे काढ आणि मग बोल, शिस्त नाही मेलीला.” तिला वाटायचं, म्हातारपणी किरकिरे झालेत. मध्यंतरी ते आईवर ओरडले होते, टीव्ही केवढ्यांदा लावलाय म्हणून. आई म्हणाली, “अहो, बंद आहे तो!” सगळं घर हसलं होतं. टाचणी सगळ्यांत मोठ्याने हसली होती. आपण एका घरात राहतो, एका टेबलाशी जेवतो, आणि आपल्याला हे कळलं नाही? तिला स्वतःचीच चीड आली. सोफ्यातली तुटलेली स्प्रिंग नुसत्या हाताने ओळखते म्हणून मिरवतेस, तिने स्वतःला सुनावलं, आणि घरातला माणूस?

ती खाली उतरली. चालत त्यांच्या पाठीशी गेली. “बाबा,” तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग ओरडून. तिसऱ्या हाकेला आवारापलीकडच्या घराची खिडकी उघडली, पण मिस्त्रींची मान डोलायची थांबली नाही. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

ते वळले. चेहऱ्यावर नुसता आनंद. “घेऊन टाक गं. विचार कसला करतेस?”

मग टाचणीने जे केलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिने हात तोंडावर धरला, जांभई झाकावी तसा, आणि त्या हाताआडून विचारलं, “बाबा, गाडी चालू आहे का?”

“हो, हो,” मिस्त्री म्हणाले. “घेऊन टाक.”

पण अडतीस वर्षांचा मिस्त्री तो. त्यांची नजर तिच्या हातावर थांबली. तिथून तिच्या खांद्यावरून गाडीकडे गेली. स्टिअरिंगमागे कुणी नव्हतं. मागच्या नळीतून धूर येत नव्हता. काचवाला पुतळा होऊन उभा होता. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आपण गेलेलं बरं की राहिलेलं, हे त्यालाही कळत नसावं. मग ते गेलं.

“हात काढ तोंडावरून,” ते हळू म्हणाले. “असं नको करूस.”

टाचणीने हात काढला. तिने विचारलं, “कधीपासून?”

त्यांनी तिचे ओठ वाचले. “डावा तीन वर्षांपूर्वी गेला. उजवा मागच्या वर्षी पुरताच गेला.”

“म्हणजे गुडघे दुखतात म्हणून काम सोडलंत ते…”

“गुडघे उत्तम आहेत माझे.”

“आईला माहीत आहे?”

“कुणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या गल्लीने मला कान म्हटलं, तिथे जाऊन काय सांगू?”

टाचणीच्या डोक्यात दुसराच विचार आला आणि तिचे डोळे पांढरे झाले. “अहो पण लोक येतात तुमच्याकडे! परवा तो बेकरीवाला येऊन गेला. त्यांच्या गाड्या तुम्ही… किती लोकांना तुम्ही…”

“सावकाश बोल. भरभर बोललीस की ओठ कळत नाहीत.” ते थांबले. “कुणाचं नुकसान नाही केलं मी. सगळ्यांना ‘नको’ म्हणतो. बेकरीवाल्याला नको, त्याच्या आधीच्यालाही नको. नको म्हटल्याने कुणी खड्ड्यात पडत नाही. माणूस दुसरी गाडी शोधतो. लोक म्हणतात, म्हातारा फार कडक झाला. म्हणू देत.”

“मग मला ‘घे’ का म्हणालात?”

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. ती काय म्हणते ते वाचायला त्यांना तो लागणार होता.

“तू आत चढून बसलीस ना,” ते म्हणाले, “तेव्हा तुझा चेहरा बघितला. नको म्हणवेना.”

टाचणीने मुठीतल्या किल्लीकडे बघितलं.

“आणि खरं सांगू? माझ्या कानात एक इंजिन चालू असतं. रात्रंदिवस. बंद म्हणून होत नाही. फार एकसारखं चालतं गं ते, इतकं सुरेख इंजिन मी हाताने कधी बांधलं नसेल. मघाशी डोळे मिटले आणि म्हटलं, कुणी सांगावं, आज बाहेरही तसंच वाजत असेल.”

पोरीच्या मायेपोटी हा माणूस तिला ठोकणारं इंजिन गळ्यात बांधून देणार होता. तिला त्यांचा राग आला, आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करतात ते तिला माहीत नव्हतं. सोमवार डोळ्यांसमोर आला. व्यवस्थापक, रिकामं फाटक. काम हातचं गेलं होतं. पण त्याचं वाईट वाटायला आत जागाच उरली नव्हती.

काचवाला दबकत पुढे आला. “मग काय ठरलं?”

बापाची अब्रू वाचवायची तर हीच वेळ होती. टाचणी झटकन त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, “गाडी चांगली आहे हो, बाबा म्हणाले तसं. पण मला रंग आवडला नाही. पांढरा रंग मळतो.” सारवासारव करणं तिला कधी जमलं नव्हतं, आत्ताही जमलं नाही. काचवाल्याने मात्र समजून मान हलवली. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

मिस्त्रींनी बाजूने तिचे ओठ वाचले होते. “रंग?” ते म्हणाले. “माझ्या लेकीने रंगावरून गाडी सोडली म्हणून सांगू गल्लीत?” ते तिला बाजूला सारून पुढे झाले आणि काचवाल्यासमोर उभे राहिले. आवाज जरा जास्तच चढला होता. पलीकडच्या खिडकीतही सहज पोचला असेल.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “दोन्ही कानांनी. मी मघाशी जे बोललो ते खोटं होतं. हिला ऐकू येतं. हिने काय ऐकलं ते हिला विचार, आणि तू पंधरा दिवस काय ऐकतोयस ते मला सांग.”

काचवाल्याचा चेहरा कसानुसा झाला. ज्या माणसापुढे गल्ली मान वर करत नसे, त्याने आपल्यापुढे असं बोलावं हे त्याला झेपेना. तो खाली बघून हातमोज्यांशी चाळा करत काहीतरी पुटपुटला.

मिस्त्रींनी दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली.

“वर बघून बोल,” ते म्हणाले. “मला तोंड दिसलं पाहिजे.”