कागदावरची सत्तावीस माणसं

हजेरीपटावर चाळीस माणसं होती. प्रत्यक्षात राबायला आम्ही तेरा. उरलेली सत्तावीस कुठे होती ते एक हिरामणशेठला ठाऊक आणि एक त्याच्या देवाला.

१९९४ सालची गोष्ट. मेडिकल कॉलेजला जोडलेलं आमचं भिवंडीचं रुग्णालय सरकारी, पण झाडू, बेडपॅन, ट्रॉली असं सगळं काम शेठच्या ठेक्यात गेलेलं. मी कलावती, चार नंबर वॉर्डातली आया. माझ्या जोडीला जमिला. चौघींचं काम दोघींनी ओढायचं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या शिव्याही दोघींनीच खायच्या. मी नुसती तोंडाची फटकळ. जमिला सातवी शिकलेली. तिने सरळ विधिमंडळाच्या समितीला अर्ज लिहिला. सरकारी रुग्णालयांतले ठेके तुम्ही तपासता ना, मग या आणि माणसं मोजा.

अर्ज मुंबईला पोचला आणि त्याची बातमी शेठला. आठवड्याभरात जमिला घरी आणि तिच्या जागी नवी बाई. कारण काय, तर ती रुग्णांना मारते! तसा कागद तयार झाला आणि त्यावर आम्हा उरलेल्या जुन्या बारा जणांच्या सह्या घेतल्या. मीही केली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं कमावतं कोणी नाही, हे सगळं खरं. पण सही खोटीच. त्या दिवसापासून मला माझाच राग येत होता आणि तो मी दिसेल त्याच्यावर काढत होते.

समिती यायच्या दिवशी सकाळी मागच्या दाराला दोन टेम्पो लागले. त्यांतून राहनाळच्या गोडाऊनचे सत्तावीस हमाल उतरले. शेठने त्यांना नवेकोरे निळे शर्ट चढवले. त्यांचे खांदे शर्टांत मावेनात, शर्टांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. मग तो माझ्याकडे वळला.

"काय विचारलं तर 'व्हय साहेब' म्हनायचं. जास्त तोंड उघाडलंस तर जमिलाच्या शेजारी जाऊन बसायचं."

जमिला आठ वाजल्यापासून अर्जाची नक्कल घेऊन फाटकाबाहेर बसली होती. वॉचमन तिला आत सोडत नव्हता.

समिती आली. अध्यक्षांनी स्वतः माणसं मोजली. चाळीस भरली. अधीक्षकसाहेबांचा चेहरा खुलला. आमच्या वॉर्डात वडपे गावचा सावळाराम होता, मांडीचं हाड मोडलेला. त्याला एक्सरेला न्यायचं होतं. अध्यक्ष जवळच्या निळ्या शर्टाला म्हणाले, "घ्या यांना ट्रॉलीवर."

तो निळा शर्ट म्हणजे हमालांपैकी दामू. पंधरा वर्षं जे केलं तेच त्याने केलं. खाटेकडे पाठ केली, कमरेत वाकला, गुडघ्यांवर हात टेकले आणि ओरडला, "चढवा रं!"

हमाल गोण स्वतः उचलत नाही. दोघांनी ती त्याच्या पाठीवर चढवायची असते. दामू वाकून वाट बघत राहिला.

"आरं, मी गोन हाय का?" सावळाराम बोंबलला.

सगळे हसले. अध्यक्षही हसले. शेठ चटकन पुढे झाला. "नवीन हाय साहेब. शिकंल."

अध्यक्षांनी लिहिणाऱ्या कारकुनाला सांगितलं, "नोंद करा. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज." आणि ते दाराकडे निघाले.

प्रशिक्षण! माझं डोकंच फिरलं. जमिलाने नोकरी घालवून लिहिलेला अर्ज त्या एका शब्दात बुडत होता.

"साहेब, त्याला काय शिकवायचं न्हाय," मी म्हणाले. आवाज चढलाच. "तो गोडाऊनचा हमाल हाय आनि पक्का हमाल हाय. ही सत्तावीस मानसं आज सकाळी टेम्पोतून उतारलीत. हितं राबनारी आमी तेराच."

दामू सरळ उभा राहिला. "खरं हाय," तो म्हणाला. "दुपारी आमाला तिकडं गाडी खाली कराची हाय."

"बाई, ठेक्यावरच्या माणसांनी समितीसमोर बोलायचं नसतं," अधीक्षक गुरगुरले.

"मग समिती कुनाला बघाया आली? भितींना?"

शेठने खिशातून तो कागद काढला. मला वाटलंच होतं. "अर्ज करनारी बाई मारकुटी हाय साहेब. बघा, या कलावतीचीच सही हाय." आता ही गप्प बसेल, अशी त्याची खात्री होती.

"हाय ना. माझीच हाय," मी म्हणाले. "आनि खोटी हाय. जमिलानं कुना पेशंटला कदी बोट लावलं न्हाय. नोकरीच्या भ्यावानं मी खोटं केलं. हे माझ्या नावासकट लिवून घ्या."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "त्या जमिलाबाई कुठे आहेत?"

"फाटकाबाहेर. तुमची गाडी तिच्या समोरूनच आत आली."

"बोलवा त्यांना. आणि ती प्रशिक्षणाची ओळ खोडा."

शिपाई धावला. शेठ माझ्या कानाशी पुटपुटला, "उद्यापासून येऊ नको." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ म्हनतात उद्यापासून येऊ नको. ते पन लिवा!"

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली आणि त्याने तेही लिहिलं. शेठ कपाळावरचा घाम पुसू लागला. मला मनापासून बरं वाटलं, पण घडीभरच.

जमिला आत आली. अध्यक्षांनी तो कागद तिच्यापुढे धरला. तिने नावं एकेक वाचत खाली आणली आणि माझ्या नावावर थांबली.

"तूपन, कलावती?"

"मीपन," मी म्हणाले. माफ कर म्हणायलाही तोंड नव्हतं.

सावळाराम अजून कण्हतच होता. जमिलाने कागद अध्यक्षांच्या हातात परत दिला, पदर कमरेला खोचला आणि ट्रॉली खाटेला भिडवली.

"चादर धर तिकडून," ती म्हणाली. "तुजं मंग बघते."

मी चादरीची दोन टोकं घट्ट पिळून धरली, तिने दोन धरली. तीन म्हणताच आम्ही सावळारामला अलगद उचलून ट्रॉलीवर ठेवलं. समिती आमच्याकडे बघत होती. जमिलाने माझ्याकडे बघितलं नाही.