पान उचलणारा पाइप

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत, अगदी मालकसुद्धा. पण ताई म्हटलं म्हणून काही सूट मिळत नाही. तळहाताएवढ्या कॅलेंडरांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवत मालक म्हणाले, "पन्नास आहेत. बारा पानं क्रमानं आहेत का बघा. आता दहा वाजलेत, अकराला येतो. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर उद्यापासून दुसरं कोणीतरी बसेल. राग मानू नका."

राग मानू नका म्हणे! वीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर काढली, आणि आता परीक्षा. पण मालकांचंही अगदीच चूक नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी ताईचा उजवा हात कटिंग मशीनच्या पात्यात सापडला होता. बोटं वाचली, पण त्यांतला जीव गेला. मूठ वळायची, चिमूट काही होईना. डावा हात कॅलेंडर दाबून धरण्यात अडकायचा. मग उजव्याच्या चिमटीत कागद धरता येत नसेल तर पानं उलटायची कशी?

त्यावर तोड काढली नणंदेनं. ती याच छापखान्यात मोटारी आणि वायरिंग बघायची. तिनं प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा कापला, ताईच्या मांडीवर जुन्या स्वेटरची बाही बांधली आणि म्हणाली, "वहिनी, यावर घास आणि पानाच्या कडेशी ने." कंगवा केसांवर फिरवून कपट्यांवर धरला की कपटे उडतात ना, तसंच. पातळ पान टपकन उठून पाइपाला चिकटायचं. मग नुसतं पलीकडे सोडायचं. घरी आठवडाभर सराव झाला होता.

ताईनं पाइप खसाखसा घासला आणि पहिल्या पानाशी नेला. पान ढिम्म.

"जोरात घास ना!" नणंद कुजबुजली.

"घासतेय की! सालटं निघायची वेळ आली."

दहा वाजून बारा मिनिटं झाली, तरी एक कॅलेंडर पुरं झालं नव्हतं. घडीच्या मशीनवरचा माणूस मान वळवून बघत होता, आणि त्याच्या नजरेतली कीव तिला मालकांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबली.

नणंदेनं पाइप हिसकून घेतला. "काल घरी पानं नुसती उड्या मारत होती. इथं काय धाड भरली याला?"

घरी आणि इथं. ताईची नजर खिडक्यांकडे गेली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. खिडक्यांवर ओली पोती टांगलेली होती. कोरड्या हवेत कागद घासून विजेनं भारले जातात, एकमेकांना चिकटतात आणि मशीनमध्ये दोन-दोन जातात. म्हणून हवेत ओल ठेवायची. वीस वर्षं आल्या आल्या ताईचं पहिलं काम तेच. आज सकाळीही, हात धड नसताना, तिनंच ती भिजवून टांगली होती.

"माझीच मेलीची सवय नडली," ती म्हणाली.

"काढू का पोती?"

"खुळी आहेस का? मशीन अडकेल, आणि हवा सुकायला दुपार होईल. गोंदाच्या खोलीत चल, पटकन!"

दोघींनी गठ्ठा उचलून नेला. गोंद तापवायच्या खोलीत शेगडी सकाळपासून पेटलेली होती, ओठ सुकत होते. ताई स्टुलावर टेकली, घामेजलेला तळवा पुसला, पाइप घासला. पान थरथरलं आणि टपकन पाइपाला येऊन चिकटलं.

"उठलं गं!"

"ओरडू नकोस. वेळ सांग."

"दहा बावीस."

मग ताईनं मान वर केली नाही. घासायचं, न्यायचं, सोडायचं. एकतिसाव्या कॅलेंडरात नोव्हेंबर दोनदा आला आणि डिसेंबर गायबच. मालक परीक्षेच्या गठ्ठ्यात एक खराब घालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सापडलं एकदाचं! तिनं ते बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

चव्वेचाळिसाव्यात मेचं पान नुसतं थरथरलं, उठेना. तिनं पुन्हा घासलं, तरी उठेना. डाव्या अंगठ्याचं नख कडेला घातलं, तर मे आणि जून गोंदानं चिकटून एक झालेले. जून उघडतच नव्हता. आणि मागे तपासणीचा शिक्का तिचाच. मालकांनी घातलेलं एक सोडलं तर सगळी गोदामातल्या मालातली होती, हात शाबूत असताना तिनंच पास केलेली. तो माल दुपारी निघणार होता.

नणंदेचा चेहरा उतरला. "वहिनी, मालकांचं एक तुला सापडलंय. हे गुपचूप परत ठेव. धड हातानं चुकलीस म्हटल्यावर ते तुला ठेवतील होय?"

तिला प्रचंड भीती वाटत होती. उरलेली सहा तिनं संपवली तेव्हा अकराला दोन मिनिटं होती.

मालक शोधत गोंदाच्या खोलीतच आले. "किती खराब?"

"दोन," ताई म्हणाली.

"एक," मालक हसले. "मीच घातलंय."

"दुसरं मी घातलंय. शिक्का बघा. बोटांना ही दोन पानं एकच वाटली असणार. पाइपाला जड झाली. अशी अजून किती असतील, देव जाणे."

मालकांनी चिकटलेला जून ओढून बघितला, दोनदा. मग दारात जाऊन ते बाहेर ओरडले, "गाडी थांबवा! खोकी उतरवा, सगळी!"

नणंदेला राहवलं नाही. "आणि टेबलाचं काय?"

"दोनशे खोकी आहेत, ती काय मी तपासू?" मालक खेकसले. "बसा ताई, उठू नका. पहिलं खोकं आणतो."