घळीतले काळे कान

मी एक दुर्बीण आहे. त्या रविवारी मला नक्की काय दिसलं, हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे. माझ्या काचांवर ओरखडे आहेत; वयाबरोबर ते आठवणींवरही पडत असावेत. तरी सांगते.

माझे मालक सतीशराव भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट झालेले. सरकारी नोकरीत नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले आणि तिलक नगरातच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घेतलं. त्यांचा उजवा डोळा अधू, म्हणून माझ्या उजव्या नळीवरची रिंग त्यांनी स्वतःच्या नजरेला लावून ठेवली होती.

इथली चार-पाच मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा शहराबाहेरच्या डोंगरी अभयारण्यात पायी जात. माथ्यावर पोचलं की धपाटे सोडायचे आणि गटातल्या साधनाताईंनी दिसलेल्या प्राण्या-पक्ष्यांची यादी लिहायची. नियम एकच : दोघांनी पाहिलं असेल तेच यादीत.

आदल्या खेपेस सतीशराव एका दगडाला बिबट्या म्हणाले होते. तेव्हापासून त्यांचा डोळ्यांवरचाच नव्हे, डोक्यावरचाही भरवसा डळमळला होता. "आज पुन्हा चुकलो तर डोंगर बंद," असं पत्नीला, सुधाताईंना, सांगूनच ते निघाले होते.

बरोबर अकरा वर्षांची नात, तनया. एका वळणावर खालच्या घळीत काहीतरी हललं. तांबूस अंग, उभे कान, कानांच्या टोकांना काळे झुपके. शशकर्ण, फार क्वचित दिसणारं रानमांजर. सतीशरावांनी मला असं झटक्यात उचललं, की मला घळीपेक्षा आभाळच जास्त दिसलं. त्यांनी घाईने मला तनयाकडे दिलं आणि रिंग फिरवायचं विसरले.

"आजोबा, सगळं धुंधला आहे. मतलब, काहीच दिसत नाहीये."

रिंग फिरेपर्यंत घळ रिकामी झाली होती.

माथ्यावर साधनाताईंनी पेन थांबवलं. "सतीशराव, एकट्याचं आपण धरत नाही."

"नका धरू. दगडच असेल."

"दगडाला कान होते?" तनयाने विचारलं.

"मला तसं वाटलं."

"मग पुढच्या वेळी आधी मी बघणार. आणि तुम्ही यायचंच. दोघं लागतात ना?"

सतीशरावांनी हातातला धपाटा डब्यात परत ठेवला. मग त्यांनी मला तिच्या गळ्यात अडकवलं आणि रिंग कशी फिरवायची ते शिकवलं. डोंगर बंद झाला नाही.

आता तनया कॉलेजात आहे. माझ्या पट्ट्याचा रंग उडालाय, पण खुंटीवर मी फार दिवस टिकत नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच : दुर्बीण दुसऱ्याच्या हाती दिलीत, तर ती स्वतःच्या डोळ्याला जुळवून घ्यायला त्याला क्षणभर द्या.

गेल्या हिवाळ्यात अभयारण्याच्या चौकीवर कळलं, की त्या घळीत तेव्हा वनखात्याचा कॅमेरा लावलेला होता. तनयाने तारीख सांगितली. वनरक्षक परीक्षितजींनी जुने फोटो शोधले. "लीजिए साहब, स्याहगोश." स्याहगोश म्हणजे काळे कान; शशकर्णाचं इकडचं नाव.

सतीशरावांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. तोच रविवार, सकाळचे आठ चाळीस. घळीत शशकर्णाची मादी होती, आणि तिच्या मागे एक पिल्लू, जे त्यांनाही दिसलं नव्हतं आणि मलाही.